सुट्या कथा, एकच भविष्यकाळ: सन, वयं आणि अंतरं जुळवायची कशी?

(एका चर्चेतली टिपणं; प्रत्येकाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव.)

टाचणवही

एकाच भविष्यकाळात घडणाऱ्या नऊ विज्ञानकथांची मालिका लिहितेय. पट इ.स. २१४० ते २६००. प्रत्येक कथा सुटी वाचली तरी कळली पाहिजे, आणि सगळ्या वाचणाऱ्याला मागचा इतिहास एकसंध दिसला पाहिजे. प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास नाही, तसले संदेशही नाहीत. कथा १, २ आणि ४ प्रसिद्ध झाल्या आहेत, बाकीच्या अजून माझ्या हातात आहेत. सध्या गाडी इथे अडलीय:

१) कथा १, सन २१४०. मंगळावर जन्मलेली मीरा, 'बारा वर्षांची', शाळेत जाते. कथा ३, सन २१६५. तीच मीरा आता 'पंचविशीतली' अभियंता.

२) कथा २. फिरतं अवकाशस्थानक, त्रिज्या १०० मीटर, मिनिटाला दोन फेऱ्या, कडेच्या मजल्यावर 'पृथ्वीइतकं वजन'.

३) कथा ४. २२१० च्या सुरुवातीला टाऊ सेटी या ताऱ्याकडे यान निघतं. अर्ध्या वाटेपर्यंत सतत १ जी (पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं) त्वरण, मग यान उलटं फिरवून तेवढंच मंदन. कप्तान म्हणतो, "पाच वर्षांत पोहोचलो." कथा ५ मध्ये २२२० साली पृथ्वीवर त्या आगमनाचा जल्लोष चाललाय.

४) कथा ७, सन २३३०. त्या वसाहतीत पाच लाख वस्ती. उतरले होते पाचशे.

कालरेषा एका मोठ्या कागदावर आहे. दर कथेगणिक ती वाढतेय आणि तिच्यावरचा भरवसा कमी होतोय. हे सांभाळायची नीट पद्धत काय? आणि जे छापून गेलंय त्यातल्या विसंगतीचं काय करतात?

शून्यवर्ष

कागदावरची कालरेषा सनांमुळे फसत नाही, सन तर तुम्ही लिहूनच ठेवलेले असतात. फसतं ते सनांमधून निघणारं: माणसाचं वय, प्रवासाला लागलेला काळ, वस्तीचा आकडा, कुठली बातमी कुणाला कधी कळली. तुमच्या चारपैकी तीन अडचणी याच जातीच्या आहेत. म्हणून स्प्रेडशीटमध्ये दोन तक्ते करा आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नका.

पहिला तक्ता 'छापील'. यात फक्त कथेत प्रत्यक्ष आलेली वाक्यं, शब्दशः. रकाने: कथा क्रमांक, परिच्छेद, वाक्य, कोण बोलतंय (निवेदक, पात्र की एखादा दस्तऐवज), आणि प्रसिद्ध झालंय की नाही. इथे 'मीराचं वय १२' असा गोषवारा लिहू नका. गोषवारा केला की अर्थ लावून झालेला असतो. ही बारा वर्षं पृथ्वीची की मंगळाची हे वाक्यात नाही, ते तुमच्या मनात आहे. आणि मनातलं दोन वर्षांनी बदलतं. 'कोण बोलतंय' हा रकाना आत्ता फालतू वाटेल, पण पुढे दुरुस्तीची वेळ आली की सगळी मदार त्याच्यावर असते.

दुसरा तक्ता 'हिशेब'. यात हाताने टाइप करायचे आकडे अगदी मोजके: जन्मदिवस, प्रस्थानाचा दिवस, अंतर, त्वरण, वाढीचा दर. या सेलना एक रंग द्या. बाकी सगळं सूत्रांनी. वय हाताने टाइप केलेलं आढळलं तर तिथेच विसंगती जन्माला येणार असं धरून चाला.

काळ मोजायला ज्युलियन दिनांक वापरा, म्हणजे एकामागून एक दिवसांची सरळ मोजणी. १ जानेवारी २००० च्या दुपारी १२ वाजता (जागतिक वेळ) तो २४५१५४५ होता. एक्सेलमध्ये तारखेच्या अंतर्गत क्रमांकात २४१५०१८.५ मिळवले की ज्युलियन दिनांक मिळतो, आणि एक्सेलच्या तारखा ३१ डिसेंबर ९९९९ पर्यंत चालतात, त्यामुळे तुमच्या पटाला काही अडचण नाही. मंगळाची, टाऊ सेटीच्या ग्रहाची, स्थानकाची अशी जी काही पंचांगं असतील ती या एकाच मोजणीवरून काढायची. एका पंचांगावरून थेट दुसऱ्या पंचांगात कधीही जाऊ नका.

आता मीरा. मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा. वर्ष साधारण ६६८.६ सोलचं, म्हणजे पृथ्वीचे ६८७ दिवस, म्हणजे १.८८ वर्षं. 'बारा' मंगळवर्षं धरली तर ती साडेबावीस वर्षांची बाई होते, आणि कथेत ती शाळेत जाते. तेव्हा ती पृथ्वीची बाराच. मग २१६५ मध्ये ती पृथ्वीच्या हिशेबाने ३७ वर्षांची, मंगळाच्या हिशेबाने १९.७ वर्षांची. 'पंचविशीतली' दोन्हीकडून चुकतं. कथा ३ अप्रकाशित आहे, तेव्हा दोन वाटा. कथा २१५३ वर आणा, म्हणजे पृथ्वीची पंचवीस जुळतात. किंवा २१७५ वर न्या: तिथे ती मंगळाची जेमतेम पंचवीस आणि पृथ्वीची ४७. मला दुसरी जास्त आवडेल. वाक्य तेच राहतं, फक्त ते मंगळावर वाढलेल्या सहकाऱ्याच्या तोंडी द्या आणि पृथ्वीवरून नव्याने आलेल्या माणसाला तिचे पिकलेले केस पाहून गोंधळू द्या. मात्र मग हा नियम पुढच्या सगळ्या कथांना लागू: मंगळावरचं पात्र वय सांगतं तेव्हा ते मंगळवर्षांत, निवेदक सांगतो तेव्हा पृथ्वीच्या. नियम 'हिशेब' तक्त्यात सगळ्यात वर लिहून ठेवा.

आणखी एक, नव्या शकाचं शून्य. नवा शक सुरू करणार असाल तर त्यात शून्य वर्ष आहे की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' या कादंबरीत अगदी सुरुवातीच्या काल्पनिक ज्ञानकोशातल्या नोंदीत हॅरी सेल्डन या पात्राचा जन्म गॅलॅक्टिक शक ११,९८८ आणि मृत्यू १२,०६९ असा दिलाय, म्हणजे ८१ वर्षं. त्याच नोंदीत फाउंडेशन शकाप्रमाणे उणे ७९ ते १. शून्य धरलं तर ८०, न धरलं तर ७९. कसंही मोजा, ८१ येत नाहीत. ज्ञानकोशकारांनी दोन पंचांगं स्वतंत्रपणे लिहिली की असंच होणार.

वेगमर्यादा

तिसऱ्या अडचणीबद्दल. कप्तानाचं वाक्य बरोबर आहे, त्याला हात लावू नका. गडबड कथा ५ मध्ये आहे.

अंतर प्रकाशवर्षांत आणि काळ वर्षांत मोजला तर १ जी म्हणजे १.०३ हा आकडा धरायचा. अर्धी वाट त्वरण, अर्धी वाट मंदन अशा प्रवासाला दोन सूत्रं पुरतात:

पृथ्वीवरचा काळ = २ × वर्गमूळ [ (अंतर ÷ २)² + अंतर ÷ त्वरण ]

यानातला काळ = (२ ÷ त्वरण) × व्यस्त हायपरबोलिक कोसाइन [ १ + त्वरण × अंतर ÷ २ ]

दुसऱ्या सूत्रातलं फलन स्प्रेडशीटमध्ये ACOSH या नावाने तयार मिळतं. टाऊ सेटी ११.९ प्रकाशवर्षं. आकडे घातले की पृथ्वीवर १३.७ वर्षं, यानात ५.१५ वर्षं. कप्तानाची 'पाच वर्षं' यानातली, त्यामुळे चोख. ताळा म्हणून अल्फा सेंटॉरी घालून बघा: अंतर ४.३७, उत्तर पृथ्वीवर ६.० आणि यानात ३.६ यायला हवं. तसं आलं नाही तर कंस चुकलाय.

आता पृथ्वीच्या बाजूने. यान पोहोचतं २२२३ च्या उत्तरार्धात. ती बातमी यायला आणखी ११.९ वर्षं, म्हणजे २२३५ चा उत्तरार्ध. २२२० मध्ये आगमनाचा जल्लोष होणं शक्यच नाही. त्याहून गंमत म्हणजे यान अर्ध्या वाटेत उलटं फिरतं ते निघाल्यापासून ६.८५ वर्षांनी, तेव्हा ते ५.९५ प्रकाशवर्षांवर असतं. म्हणजे ते दृश्य पृथ्वीला दिसतं १२.८ वर्षांनी, २२२२ च्या शेवटाकडे. तुमच्या कथा ५ मधल्या लोकांनी यान अजून वळलेलंसुद्धा पाहिलेलं नाही.

कथा ५ अप्रकाशित आहे म्हणून सुचवतो: सन २२२० च ठेवा आणि जल्लोष प्रस्थानाच्या दशकपूर्तीचा करा. यान अजून पृथ्वीपासून दूर पळतंय, इंजिन चालू आहे, एवढंच लोकांना माहीत. पुढे काय झालं ते वाचकाला कथा ४ मुळे ठाऊक आहे, पात्रांना नाही. एक सन न बदलता कथेला वजन येतं.

यासाठी 'हिशेब' तक्त्यात प्रत्येक मोठ्या घटनेपुढे ठिकाणागणिक 'बातमी पोहोचली' असा रकाना हवा. घटना जिथे घडली तो दिवस अधिक अंतर भागिले प्रकाशाचा वेग. सूर्यमालेतही हे विसरू नका. पृथ्वी ते मंगळ संदेशाला ग्रहांच्या जागेप्रमाणे ३ ते २२ मिनिटं लागतात, तेव्हा मंगळाशी फोनवर भांडण रंगवता येणार नाही. कमी ऊर्जेच्या नेहमीच्या मार्गाने गेलात तर मंगळाचा प्रवास साडेआठ महिन्यांचा आणि निघायची संधी दर २६ महिन्यांनी. कथेत कुणी 'पुढच्या आठवड्याच्या यानाने' मंगळाला निघालं तर तुमच्याकडे चांगली इंजिनं आहेत असा त्याचा अर्थ, आणि मग ती इंजिनं पुढच्या प्रत्येक कथेत असायला हवीत.

प्रवास केलेल्या माणसाला वयाचे दोन रकाने लागतील: कागदोपत्री वय आणि शरीराचं वय. कप्तानाच्या या दोन वयांत एका बाजूच्या प्रवासाला साडेआठ वर्षांची तफावत पडते. तो परत आला तर सतरा, आणि त्याची धाकटी बहीण त्याच्याहून थोरली होऊन बसलेली असेल.

जनगणना

चौथ्या अडचणीचं उत्तर कडू आहे. यान २२२४ च्या सुमारास उतरलं धरलं तर २३३० पर्यंत १०६ वर्षं. पाचशेचे पाच लाख म्हणजे हजारपट, त्याला वर्षाला सुमारे साडेसहा टक्के वाढ लागते. वस्ती दर साडेदहा वर्षांनी दुप्पट. नुसत्या जन्मांवर हे होत नाही. वर्षाला ३ टक्के हाच मोठा दर आहे, त्यात प्रत्येक घरात पाच-सहा मुलं आणि बालमृत्यू जवळजवळ शून्य असं चित्र येतं. त्या दराने २३३० मध्ये साडेअकरा हजार माणसं होतात. पाच लाखांना २३४ वर्षं हवीत, म्हणजे २४५८. दोन टक्क्यांनी साडेतीनशे वर्षं.

तेव्हा कथा ७ २४६० ला न्या, किंवा वस्ती साडेअकरा हजारांची करा, किंवा माणसं वाढवायची दुसरी सोय दाखवा. पुढची यानं आणणार असाल तर ती पृथ्वीवरून कधी निघाली, कुणाच्या पैशाने, आणि पहिल्या यानाची खबर २२३५ मध्ये मिळण्याआधी निघाली की नंतर, हे सगळं आलं. २२३६ ला निघालेलं यान २२४९ च्या उत्तरार्धाआधी पोहोचत नाही. कृत्रिम गर्भाशयं आणली तर वाढ झटपट होते, पण मग मुलं वाढवणार कोण हा प्रश्न शिल्लक राहतो आणि तो गिळून टाकता येत नाही.

मी असतो तर साडेअकरा हजार ठेवले असते. एवढ्या गावात कुणाचीही ओळख एखाद्या ओळखीच्या माणसातून निघते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे विशीच्या आतले. पाच लाखांच्या शहरापेक्षा हे गाव लिहायला अवघड आहे आणि जास्त खरं आहे.

पिढ्यांचाही एक साधा ताळा करा. २५ ते २८ वर्षांना एक पिढी. १०६ वर्षांत चार. 'आमच्या पूर्वजांनी' असं २३३० मध्ये कुणी म्हणत असेल तर ते पूर्वज म्हणजे पणजोबा, आणि त्यांना लहानपणी पाहिलेली म्हातारी माणसं अजून जिवंत असतील. दंतकथा व्हायला हा काळ कमी पडतो.

खोडरबर

छापून गेलेल्या विसंगतीचं काय, यावर. जुन्या मंडळींनी हे कसं निस्तरलं ते बघण्यासारखं आहे, कारण चार वेगवेगळ्या तऱ्हा सापडतात आणि त्यांची किंमत सारखी नाही.

सगळ्यात स्वस्त म्हणजे सोडून देणं. लॅरी निव्हनच्या 'नोन स्पेस' मालिकेतली १९६४ ची कथा, 'द कोल्डेस्ट प्लेस', बुधाची एक बाजू कायम अंधारात असते या समजावर उभी आहे. १९६५ मध्ये रडारने मोजल्यावर कळलं की बुध सुमारे ५९ दिवसांत स्वतःभोवती फिरतो. कथा निकालात निघाली, मालिका चालू राहिली. विज्ञानाने मागून खोटं पाडलेल्या गोष्टीबद्दल वाचक कुरकुर करत नाही. कुरकुर होते ती त्याच लेखकाच्या दोन वाक्यांची टक्कर झाली की.

दुसरी तऱ्हा, जुनी वस्तुस्थिती तशीच ठेवून तिच्याखाली नवं कारण सरकवणं. असिमोव्हच्या १९५० च्या 'पेबल इन द स्काय'मध्ये पृथ्वी किरणोत्सारी आहे, आणि वाचक ते अणुयुद्धाच्या खाती टाकतो. पस्तीस वर्षांनी 'रोबोट्स अँड एम्पायर'मध्ये त्याने दुसरंच कारण दिलं: भूकवचातला नैसर्गिक किरणोत्सार मुद्दाम वाढवला गेला. पहिल्या पुस्तकातलं काही खोडावं लागलं नाही, कारण तिथली माणसं हजारो वर्षं नंतरची, त्यांची समजूत चुकीची असू शकते. शून्यवर्ष म्हणतात तो 'कोण बोलतंय' रकाना नेमका इथे उपयोगी पडतो. चूक पात्राच्या तोंडी असेल तर ती पात्राची. निवेदकाच्या तोंडी असेल तर तुमची.

तिसरी, भोकच कथानक करणं. निव्हनचीच कादंबरी 'रिंगवर्ल्ड' आली १९७० मध्ये. सूर्याभोवतीचं ते अवाढव्य कडं आपोआप मध्यावर टिकत नाही, जरा ढळलं की ढळतच जातं, हे वाचकांनी गणित करून दाखवलं. १९८० च्या 'द रिंगवर्ल्ड इंजिनिअर्स'मध्ये कड्याला जागेवर ठेवणारी इंजिनं आली आणि ती बिघडणं हाच गोष्टीचा विषय झाला. ही तऱ्हा सगळ्यात महाग, अख्खं पुस्तक घालवावं लागतं. भोक तेवढं मोठं असेल तरच.

चौथी, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती. त्याच 'रिंगवर्ल्ड'च्या पहिल्या आवृत्तीत वाढदिवस लांबवायला निघालेला नायक पृथ्वीभोवती उलट्या दिशेने जातो. नंतरच्या छपाईत दिशा सुधारली. एका शब्दाची चूक असेल तर यासारखा उपाय नाही. तुमच्या कथांचा संग्रह निघेल तेव्हा हीच संधी.

एक मात्र टाळा: विसंगती झाकायला पुढच्या कथेत कुणी पात्र दोन परिच्छेद खुलासा करतंय. ज्यांच्या लक्षात आलं नव्हतं त्यांनाही तुम्ही बोट दाखवून सांगता.

मोकळं आभाळ

एवढे रकाने भरण्यात कथा लिहायची राहून जाईल, हेही कुणीतरी म्हणायला हवं. विज्ञानकथालेखिका उर्सुला लेग्विनने तिच्या हाइनिश (एकाच भविष्यविश्वात घडणाऱ्या) कथा-कादंबऱ्यांबद्दल उघड सांगितलं होतं की त्यांचा मिळून सुसंगत इतिहास होत नाही. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधलं मनोमन बोलणं नंतरच्या पुस्तकांत जवळपास विरून गेलं. तरी ती वाचली जातात. वाचकाला आधी माणूस लागतो, सन नंतर.

आणि भोकं ठेवलेली बरी. विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइनचा भविष्येतिहासाचा तक्ता मे १९४१ च्या 'अस्टाउंडिंग' मासिकात छापला गेला, त्यात न लिहिलेल्या कथांचीही नावं होती. त्यातल्या काही त्याने कधीच लिहिल्या नाहीत. मधली शंभर वर्षं कोरी राहिली म्हणून कुणाचं काही अडत नाही.

शून्यवर्ष

भोकं ठेवा हे शंभर टक्के मान्य. 'छापील' तक्त्यात फक्त छापलेलं लिहायचं ते त्यासाठीच: जे लिहिलं नाही त्याचं बंधन नाही. लोकांचा पसारा होतो तो न लिहिलेल्या राजवटींच्या वंशावळी आधी करून ठेवल्यामुळे.

लेग्विनचं उदाहरण मात्र पूर्ण सांगा. तिने मनोमन बोलणं सोडलं, पण प्रवासाची चौकट बहुतांशी पाळली: माणसं प्रकाशापेक्षा हळू, संदेश तत्काळ. त्या चौकटीवर तिच्या कितीतरी गोष्टी उभ्या आहेत, कारण दूत परत जातो तेव्हा त्याच्या घरचे सगळे मेलेले असतात. तपशील हलले तरी चालतील. ज्याच्यावर पात्रांचं दुःख उभं आहे ते हलवायचं नाही.

टाचणवही

खूप उपयोग झाला. कथा ५ दशकपूर्तीची करते, कथा ७ मध्ये साडेअकरा हजार. मीरा २१७५.

आणखी एक गाठ आहे. कथा ६ मी आत्ता लिहितेय पण ती घडते २१९० मध्ये, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या कथा ४ च्या आधी. तिच्यात गुरूच्या चंद्रांकडे जाणाऱ्या यानावर प्रवाशांना दीर्घनिद्रेत ठेवतात. कथा ४ मध्ये तर सगळे पाच वर्षं जागे आहेत.

स्थानकाचंही कुणी बोललं नाही.

शून्यवर्ष

मागे जाऊन लिहिताना हा सापळा हमखास असतो: कथा जितकी उशिरा लिहिली तितकी आतली उपकरणं नवी, मग ती कुठल्या का सनात घडेना. लिहायला बसण्यापूर्वी एक उलटी यादी करा, नंतरच्या प्रसिद्ध कथांमध्ये कुणालाच काय माहीत नाही किंवा काय वापरात नाही. लेग्विनचा 'अॅन्सिबल', तत्काळ संदेशाचं यंत्र, नावानिशी १९६६ मध्ये आला आणि त्याच्या शोधाची गोष्ट १९७४ मध्ये 'द डिस्पझेस्ड'मध्ये आली. तिथे ते जमलं, कारण शोध लागण्याआधीच्या जगात त्या यंत्राची उणीव दिसत राहते.

तंत्रज्ञानाच्या तक्त्यात शोधाची एकच तारीख लिहिली जाते. तीन लिहा: प्रयोग सुरू, सर्रास वापर, वापर बंद. दीर्घनिद्रेला तिसरी तारीख २२१० च्या आत हवी, नाहीतर काहीतरी मर्यादा. मर्यादा सोपी पडेल: निद्रा काही आठवड्यांपुरती सुरक्षित, त्यापुढे माणूस उठतो तो धडपणे उठत नाही. गुरूपर्यंत पुरते, टाऊ सेटीपर्यंत नाही. ही मर्यादा कथा ६ मध्ये कुणाला तरी भोगावी लागली तर कथा ४ मधले लोक जागे का, हे न सांगता कळतं. मात्र त्या यानाचा वेग तपासा. गुरूची वारी काही आठवड्यांत व्हायला सतत त्वरणाची इंजिनं लागतात. तुमच्याकडे २२१० मध्ये ती आहेत, २१९० मध्ये आहेत का?

टाचणवही

असायलाच हवीत, तारे गाठायच्या आधी कुठेतरी वापरून बघितली असतील ना. कमी त्वरणाची, ०.०१ जी वगैरे, चालतील?

वेगमर्यादा

चालतील. गुरूपर्यंतचं अंतर ५ खगोलीय एकक (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) धरा, म्हणजे साधारण ७५ कोटी किलोमीटर. इतक्या वेगाला सापेक्षता लागत नाही, साधं सूत्र पुरतं: काळ = २ × वर्गमूळ (अंतर ÷ त्वरण). ०.०१ जी ला साडेपाच दशलक्ष सेकंद, म्हणजे नऊ आठवडे. निद्रेची मर्यादा दहा-बारा आठवडे ठेवली की बसतं. आणि मग कथा ४ मध्ये पूर्ण १ जी, पाच वर्षं अखंड: वीस वर्षांत इंजिन शंभरपट. ही उडी मोठी आहे. शक्य असेल तर कथा ६ चं यान ०.०५ जी करा, चार आठवडे लागतील आणि उडी वीसपटीवर येईल.

स्थानक. फिरण्यामुळे मिळणारं वजन = कोनीय वेगाचा वर्ग × त्रिज्या. मिनिटाला दोन फेऱ्या म्हणजे सेकंदाला ०.२०९ रेडियन; त्याचा वर्ग गुणिले १०० मीटर = ४.३९, म्हणजे ०.४५ जी. पृथ्वीच्या निम्म्याहूनही कमी. दोन फेऱ्यांना पूर्ण १ जी हवं तर त्रिज्या २२४ मीटर लागते.

संग्रहात एकच शब्द बदला: 'दोन'चे 'तीन'. १०० मीटरला मिनिटाला २.९९ फेऱ्या म्हणजे नेमकं १ जी. त्रिज्या बदलू नका, कारण कथा २ मध्ये कुणी तो मजला पायी फिरलं असेल तर परीघ ६२८ मीटर हे गृहीत धरून वेळ लिहिलेली असणार. तीन फेऱ्यांना कडेचा वेग सेकंदाला ३१ मीटर होतो, यान जोडण्याचा प्रसंग असेल तर तो कडेवर नव्हे, आसावर घडतोय ना एवढं बघा. आणि खिडकीतून तारे फिरताना दिसत असतील तर एक फेरी आता वीस सेकंदांची, आधी तीसची होती. तसलं वाक्य 'छापील' तक्त्यात सापडलं तर तेही सोबत बदलावं लागेल.